आणखी एक हात

मला बोलावलं होतं ते फक्त बाथरूमचे सांधे भरायला. दोन दिवसांचं काम. लाद्या मीच बसवलेल्या, बावीस वर्षांपूर्वी. पांढऱ्या, हातभर लांब, भिंतीला छातीपर्यंत आणि खाली जमिनीला. अजून ठणठणीत होत्या. माझ्या हातची लादी हलत नाही, ही फुशारकी नाही, जाऊन वाजवून बघा. पण दोन लाद्यांमधली फट, जिला आम्ही सांधा म्हणतो, ती काळी ठिक्कर पडली होती.

काळी का पडते ते आधी सांगतो, कारण सगळा राग तिथूनच आहे. सांधा म्हणजे सिमेंट. आणि लोक त्यावर अ‍ॅसिड ओततात. फेस आला की यांना वाटतं मळ निघाला. तो फेस मळाचा नसतो, सांध्याचा जीव जात असतो त्याचा असतो. वरची साय एकदा गेली की सांधा भुसभुशीत होतो, दुप्पट मळ धरतो. मग हे शहाणे दुप्पट अ‍ॅसिड आणतात. कोमट पाणी, धुण्याचा सोडा, मऊ ब्रश, आणि नंतर दार-खिडकी सताड उघडी. एवढंच लागतं. ओल कोंडली की काळं पडतं, वारा लागला की पडत नाही. चौथी नापास माणसाला कळतं ते. मला कळायलाही अर्धं आयुष्य गेलं, ते सोडा. त्याच्याकडे येतोच आहे.

घराचा मालक निवृत्त तपासनीस. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली आणि ती सवय पेन्शनबरोबर घरी आली. भर सकाळी हातात बॅटरी. उजेड तिरका पाडून एकेक सांधा मला दाखवायला लागला.

"हे बघा मिस्त्री. हे. आणि हे. सूनबाई रोज घासतात म्हणे. रोज. आणि हा परिणाम. लक्षच नसतं."

सून मागे बोळात उभी होती. पंचविशीची पोर. नवरा लांब नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. सासू वर्षापूर्वी गेलेली. त्यामुळे घरात ती आणि हा बॅटरीवाला. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांची सालटं गेली होती, आणि एक कोरडा खोकला होता, जो ती तोंडात पदर धरून गिळत होती.

"तिच्या बोटांवरही एकदा बॅटरी मारा," मी म्हणालो.

"तुम्हाला लादीचं काम दिलंय."

"लादीचंच बघतोय. लादी ज्या हातांनी घासली जाते ते कोण बघणार?"

त्याने बॅटरी विझवली आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

पहिला दिवस जुने सांधे खरवडण्यात गेला. करवतीचं जुनं पातं घ्यायचं आणि फटीतून ओढत राहायचं. गुडघे बोंबलतात. लाद्यांचे सांधे भरता भरता माझे झिजले. बाथरूम लहान, वर एक हातरुमालाएवढी खिडकी, तीही गंजून बंद. आत एक वास होता. अ‍ॅसिडचा, नाकाच्या मुळाशी चावणारा. मी तर थेंबभरही आणलं नव्हतं.

दुपारी पोरीने स्वयंपाकघरात चहा दिला. तपासनीस बाहेर घोरत होता. मी कप तोंडाला लावला आणि आवाज आला. खस्... खस्... खस्... थोडा थांबून पुन्हा. ब्रशने सांधा घासण्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. आणि आम्ही दोघं तर इथे.

पोर माझ्याकडे बघत होती.

"काका... तुम्हालाही येतो ऐकू?"

"पाइपात हवा असेल."

"रोज याच वेळेला असते का हवा?" ती हळूच म्हणाली. "आई याच वेळेला घासायच्या. बाबा झोपले की. उठल्यावर बॅटरी मारायचे ना..."

ती ओट्याकडे तोंड करून सांगत राहिली. सासू त्याच बाथरूममध्ये गेली. अ‍ॅसिडने काळं निघेना, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. त्या दोन्हींचा मिळून जो धूर होतो त्यात माणूस चार श्वासही धड घेत नाही. कडी आतून. दार तोडलं तेव्हा ब्रश मुठीतच होता.

"बाबा सगळ्यांना सांगतात, हृदयाने गेली."

"आणि पोरी, दार कशाला लावून घेतलं होतं तिने?"

"वास घरभर होतो ना. बाबांना चालत नाही. आणि आई म्हणायच्या, लाद्या बसवणाऱ्या मिस्त्रींनीच सांगितलंय. अ‍ॅसिडचा एक हात मारायचा, दार लावून घ्यायचं, आणि पांढरं होईपर्यंत सोडायचं नाही." तिने कप विसळला. "कोण मिस्त्री होता कोणास ठाऊक."

मी कप खाली ठेवला. बावीस वर्षांपूर्वी त्या बाईने दारात उभं राहून मला विचारलं होतं, साफ कसं ठेवायचं. मी हत्यारं बांधत होतो, घाईत होतो. तेव्हा सगळेच मिस्त्री तेच सांगायचे. वास येईल हो, ती म्हणाली. मग दार लावून घ्या, मी म्हणालो. पिशवीतून मान वर करूनही बघितलं नाही.

पोरीला मी हे सांगितलं नाही. आत खस्... खस्... चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी सांधे भरले. पांढरा मसाला रबराच्या पट्टीने फटीत दाबायचा, ओल्या स्पंजने तिरका पुसून घ्यायचा, आणि शेवटी बोट फिरवून सारखा करायचा. जमीन संपत आली तेव्हा कंबर धरली. उठता उठता सवयीने बोललो, "झालंच. आणखी एक हात लागेल." एक हात म्हणजे वरून एकदा फिरवणं, दुसरं काही नाही. बादली घेऊन मागच्या नळावर गेलो.

परत आलो तर तो हात लागलेला होता.

प्रत्येक सांध्यातून बोट फिरलेलं. माझं नव्हे. माझं बोट जाड, दोन सांध्यांच्या रुंदीचं. हे बारीक होतं, आणि त्याला नख नव्हतं. माझ्या बोटाची खूण गुळगुळीत उमटते. इथे मसाल्यावर कातडीचे पापुद्रे उठल्यासारखे बारीक ओरखडे होते, भिंतीपासून भिंतीपर्यंत. शेवटचा सांधा अजून ओला चमकत होता. पोर अंगणात कपडे वाळत घालत होती. नळावरून मला ती सबंध वेळ दिसत होती.

मी उंबऱ्यावर बसून राहिलो. तेवढ्यात तपासनीस बॅटरी घेऊन आला. वाकला, उजेड तिरका पाडला.

"त्या कोपऱ्यात काळं आहे."

खरंच होतं. बोटभर. सकाळी नव्हतं.

"सूनबाई," त्याने हाक मारली, "बाटली आण. एक हात मारून टाक. आणि दार लावून घे, वास येतो."

ताज्या सांध्यावर अ‍ॅसिड. तासाभरापूर्वी भरलेल्या सांध्यावर. माझं डोकंच फिरलं.

"पोरी, बाटली ठेव खाली. साहेब, एक बाई त्या बाटलीने मेली या बाथरूममध्ये. दुसरी घालवायची आहे का?"

"ती हृदयाने गेली," तो म्हणाला. आवाज शांत होता, मला त्याचाच जास्त राग आला. "तुम्ही तुमचं काम करा. जा आत, सूनबाई."

ती खोकली. बाटली उचलून ती आत पाऊल टाकणार, तोच दार तिच्या तोंडावर बंद झालं. आपटलं नाही. कुणीतरी आतून ओढून घ्यावं तसं, सावकाश. मग आतली कडी सरकली. ती सरकताना घासते, मी दोन दिवस ऐकत होतो.

खस्... खस्... खस्...

आम्ही तिघेही बाहेर. तपासनिसाची बॅटरी हातातून सुटली आणि गडगडत बोळात गेली. तो भिंतीला टेकला आणि त्याने बायकोचं नाव घेतलं, इतक्या हळू की मलाही नीट ऐकू आलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा घेत असावा.

"आई मला आत येऊ देत नाहीत," पोर म्हणाली. रडत नव्हती. "माझा वाटाही त्याच घासतायत..."

मी दाराला तोंड लावलं. वासाने डोळ्यांत पाणी आलं.

"बाई... मी मिस्त्री बोलतोय. लाद्या बसवल्या तोच. ते मीच सांगितलं होतं तुम्हाला. चुकीचं सांगितलं. अ‍ॅसिड लावायचं नसतं, दार लावायचं नसतं. पांढरं झालंय सगळं. या आता बाहेर."

आवाज थांबला. आम्ही वाट बघितली. कडी काही सरकली नाही. थोड्या वेळाने पुन्हा... खस्.

पोर माझ्याकडे बघत होती. आता काय बोलते कोणास ठाऊक असं वाटलं, बोलली एवढंच, "काका, स्क्रू काढा. मी धरते."

दार बाहेर उघडणारं, म्हणून बिजागऱ्या आमच्या बाजूला. सहा स्क्रू काढले, दार चौकटीतून ओढलं. आत कोणी नव्हतं. कोपऱ्यातलं काळं गेलं होतं आणि जमीन ओली होती.

"पण दाराशिवाय बाथरूम..." तपासनीस पुटपुटला.

"पडदा लावा," मी म्हणालो. "आणि यापुढे काळं दिसलं तर स्वतः घासा, सोड्याने. बॅटरी आहेच."

गंजलेली खिडकीही हातोडीने उघडून दिली. पोरीने बाटली उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. दार मात्र मी घरी आणलं. पोर म्हणाली, ते इथे नको. लोक म्हणाले, जाळून टाक. आत माणूस असताना दार जाळतात का कुणी?

पोरीचा खोकला थांबलाय. परवा बाजारात भेटली, बोटांना कातडी आलीय. काळं पडत नाही म्हणाली, आवाजही येत नाही. तिच्यापुरतं निभावलं.

दार माझ्या मागच्या खोलीत भिंतीशी सरळ उभं आहे, पडू नये म्हणून पुढे हत्यारांची पेटी. आतली बाजू भिंतीकडे. त्या कडीमुळे ते भिंतीला पुरतं टेकत नाही, बोटभर फट राहते. मागे कोरी भिंत, दुसरं काही नाही. तरी रोज दुपारनंतर दार ओढून बघायचो तर कडी पुढे सरकलेली. मी मागे घ्यायचो आणि सांगायचो, बाई, नका लावून घेऊ. बावीस वर्षं ऐकलंत माझं, आता हे एवढं ऐका. ऐकत नाही. चुकीचं सांगितलेलं बरं ऐकलं.

गेल्या आठवड्यापासून दार ओढता येत नाही. फटीत खालून पांढरा सांधा भरत चाललाय, बारीक बोटाने सारखा केलेला. सकाळी मी करवतीच्या पात्याने खरवडतो, दुपारी तो त्याहून वर चढलेला असतो. काम चोख आहे, बोट ठेवायला जागा नाही. आत हवा कुठून जात असेल, हाच विचार दिवसभर डोक्यात असतो.

आज कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून मोजलं. वर आणखी एक हात राहिलाय.