नादपाळी

बोरटेकच्या चहाच्या टपरीवर तेजसआबा आपल्या तरुणपणी मोडलेल्या सोयरिकीची हकिगत सांगत होते. (तेजस हे एके काळी पोरांचं नाव होतं, त्या पोरांना आता कवळ्या लागल्या आहेत.) "मुलीचा बाप ताडकन उठला आणि मला म्हणाला..." एवढं बोलून आबांनी उजवा हात वर केला आणि तोंड मिटलं. ऐकणारेही गप्प झाले. टपरीच्या पत्र्यावरून, अगदी खालून, एक अगडबंब विमान धावपट्टीकडे उतरत गेलं. त्याचा आवाज मात्र मुळीच आला नाही. चहा उकळत होता, तेवढाच ऐकू येत होता. सावली पुढे सरकली, आबांचा हात खाली आला आणि त्यांनी वाक्य तुटलं तिथूनच उचललं, "...आधी चहा घ्या, मग निघा."

"आबा, आता कशाला थांबता? आवाज कुठंय?" कुणीतरी हसत विचारलं.

"मला कळतंय रे. ह्या हाताला कोण सांगणार?"

विमानतळ आला तेव्हापासून बोरटेकच्या माणसांना ही खोड लागली होती. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं आणि त्या गडगडाटात बोलणं म्हणजे घसा फोडून घेणं. म्हणून हात वर करायचा, थांबायचं, आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. भांडणंसुद्धा अशी थांबून थांबून चालत. या हात वर करण्याला गावात 'थांबा' म्हणत. आसपासच्या कुठल्याच गावात तो नव्हता, कारण एवढ्या खालून विमान दुसऱ्या कुणाच्या डोक्यावरून जात नव्हतं.

वर्षभरापूर्वी मात्र गावाच्या गायरानावर उंच, बारीक खांब उभे राहिले आणि आवाज बंद झाला. हे होतं शांतछत्र. विमानाचा आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. खांबांवरचे कान त्या लाटा टिपत आणि खांबांवरचेच कर्णे तत्क्षणी बरोबर उलट्या लाटा सोडत. त्या उलट्या आवाजाला प्रतिनाद असं नाव होतं. नाद आणि प्रतिनाद एकमेकांना भिडले की हवा जागच्या जागी राही आणि कानावर काहीच येत नसे.

हे सगळं अर्थातच बोरटेकच्या प्रेमापोटी झालेलं नव्हतं. धावपट्टीला खेटून असलेलं ते गायरान भूविकास महामंडळाला साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवं होतं. तिथे कंपन्यांची कार्यालयं आणि मोठाली गोदामं उभी राहणार होती. पण कानठळ्या बसणाऱ्या जागी कोण कंपनी येणार? म्हणून आधी शांतता, मग भाडेकरू. बोरटेक छत्राच्या कडेला होतं, म्हणून त्यालाही सावली मिळाली. आता चाचणीचं वर्ष संपत आलं होतं. जमीन गावाची, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय पट्टा होणार नव्हता.

सरपंच ऋतुजा घुगरेचा ठराव मनात केव्हाच झालेला होता. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा नितीन मोटार दुरुस्त करायला विहिरीत उतरला आणि शिडी निसटली. त्याने हाका मारल्या असणारच. ऋतुजा त्याच शेतात, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, कांदा खुरपत होती. त्या वेळी एकामागून एक विमानं उतरत होती. ती काम आटोपून विहिरीवर गेली तेव्हा पाणी पुन्हा निवांत झालं होतं. त्यानंतर ती रडली, आजारी पडली, उठली, निवडणूक लढली, आणि गावाच्या डोक्यावरचा आवाज घालवायचा एवढ्या एकाच कामाच्या मागे हात धुऊन लागली. खांब सुरू झाले त्या दिवशी ती विहिरीच्या काठावर बसून नुसती ऐकत राहिली होती. चिमण्या, वारा, लांबून कुणाची तरी हाक. आपल्याला हवं ते मिळालं, असं तिला त्या दिवशी मनापासून वाटलं.

ग्रामसभेच्या दोन दिवस आधी ती कांद्याचं रोप आणायला डोंगरापलीकडच्या खोरवाडीला गेली. खोरवाडी म्हणजे जेमतेम एका हाकेत मावेल एवढी वस्ती. रोप विकणारी दीपाली तांबडे तिच्याशी भाव करत होती.

"ताई, रोप बघा कसं टणक आहे, तुम्हाला म्हणून..."

वाफ्यातल्या पाण्यावर बारीक शिरशिरी उठली आणि दीपालीने उजवा हात वर केला.

हा तर बोरटेकचा 'थांबा' होता. पुढच्याच क्षणी मोकळ्या निळ्या आभाळातून गडगडाट कोसळला. विमान कुठेच नव्हतं. वाफ्यातलं पाणी थरथरलं, दावणीची शेळी पाय रोवून उभी राहिली. बोरटेकला ऐकलेल्या कुठल्याही आवाजापेक्षा हा मोठा होता. तो ओसरला तसा दीपालीचा हात खाली आला.

"...कमी लावते."

"हे हात वर करायचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचं काय त्यात? बोलताच येत नाही, मग माणूस काय करणार? वर्ष झालं. म्हातारी माणसं म्हणतात डोंगर बोलतोय. तक्रार केली, तर साहेब म्हणाले, तुमच्यावरून विमानच जात नाही."

ऋतुजाने रोप स्कूटरवर बांधलं आणि घरी न जाता थेट गायरान गाठलं. तिथल्या केबिनमध्ये डॉ. मिहीर कानविंदे बसत. शांतछत्र त्यांचंच. सरळ माणूस, पण विचारल्याशिवाय काही सांगायचा नाही.

"डॉक्टर, आमचा आवाज तुम्ही मारत नाही. डोंगरापलीकडे नेऊन टाकता. खरं ना?"

कानविंदेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खोरवाडीला गेला होतात?"

"खरं का खोटं?"

"खरं. विहिरीत दोन दगड टाकले की तरंग उठतात. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात पडला, तिथं पाणी सपाट होतं. पण कुठंतरी उंचवट्यावर उंचवटाही पडतोच. तिथं पाणी दुप्पट उसळतं. शक्ती नाहीशी होत नाही, सरपंचबाई. एका जागी आवाज शून्य केला, की तो दुसऱ्या जागी साचतो. त्या जागेला आम्ही नादकुंड म्हणतो."

"आणि हे कुंड खोरवाडीतच का?"

"नकाशावर तिथं वस्ती विरळ होती."

"विरळ म्हणजे माणसं होती ना?"

कानविंदेंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हलवता येतं का ते?"

"येतं. प्रतिनादाची वेळ किंचित पुढंमागं केली की कुंड सरकतं. या टापूत तुम्ही म्हणाल त्या जागी नेतो." मग हलकेच म्हणाले, "तुम्हीच सांगा कुठं नेऊ."

शेजारचं निमगाव? तिथे तिची मावशी होती. नदीकाठचे धनगर? त्यांच्या विहिरी उघड्या होत्या. मनातल्या मनात ती एकेका गावावर बोट ठेवत गेली, आणि दर ठिकाणी तिला एक विहीर दिसली आणि तिच्या काठाशी पाठमोरी बसून खुरपणारी एक बाई.

"खांब काढूनच टाकले तर?"

"तर सगळा आवाज पुन्हा तुमच्यावर. कायमचा."

ती रात्रभर तळमळली. सकाळी ओसरीवर बसून तिने समोरून वाहणाऱ्या पाण्याच्या पाटाकडे पाहिलं आणि तिला वाट सापडली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. ऋतुजाने खोरवाडीची गोष्ट सांगितली, कानविंदेंना सभेला नादकुंड समजावून सांगायला लावलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "आपल्या पाटाला पाणी थोडं, म्हणून आपण पाळी लावतो. आज ह्याचं रान, उद्या त्याचं. ह्या आवाजालाही तशीच पाळी लावायची. पट्ट्यात लिहून घ्यायची. कुंड एका गावात बसणार नाही, फिरत राहील."

तेजसआबा खवळून उठले. जन्मभर त्यांनी पाटकरी म्हणून पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या होत्या. "अगं, पाणी हवं असतं म्हणून पाळी! वर्षभर सुखाने झोपलो, आता घरात आवाज बोलावून आणायचा?"

"आबा, कुणी रात्रीत बांध फोडून पाणी एकट्यानं घेतलं, तर काठी घेऊन कोण धावायचं?"

"मीच."

"मग आपण वर्षभर काय केलं?"

आबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले. सभेला आलेले महामंडळाचे साहेब आता घासाघीस करणार असं सगळ्यांना वाटलं होतं.

"गायरानावरच्या कंपन्यांनाही पाळी लागणार," ऋतुजा त्यांना म्हणाली. "त्याशिवाय सही नाही."

साहेबांनी फोनवर कुणाशी तरी दोन वाक्यं बोलून घेतली. "मान्य. आमची पाळी रविवारी धरा."

मागून कुणीतरी खो खो हसलं. रविवारी कार्यालयं आणि गोदामं बंद असणार होती. शेळ्यांना, विहिरींना आणि रोपांना मात्र रविवार नव्हता. ऋतुजाला संताप आला, पण मागे फिरायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं. तिने सोमवार बोरटेकला मागून घेतला. गुरुवार खोरवाडीला आला, बाकीचे दिवस आसपासच्या गावांत वाटले गेले.

सही करायच्या आधी कानविंदेंनी तिला बाजूला घेतलं. "एक सांगू? नितीनभाऊ गेले, त्याचा दोष कुणावर नव्हता. विमान आलं, आवाज झाला. आता कुठल्या दिवशी कुणाची हाक ऐकू येणार नाही, हे कागदावर ठरलेलं असेल. आणि खाली सही तुमची."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर दुसऱ्या कुणाला करू देत नाही."

पहिल्या सोमवारी बोरटेकवर आवाज कोसळला तेव्हा सगळे हात एकदम वर गेले. बायांनी शिव्या घातल्या, आबांनी दोन दिवस ऋतुजाशी अबोला धरला, पण सोमवार निभावला. त्या दिवशी कुणीही एकट्याने विहिरीत उतरायचं नाही, असा नियम तिने घातला. बाकीच्या गावांतही तिने तो सांगून ठेवला, आणि ज्या दिवशी ज्या गावाची पाळी त्या दिवशी तिथल्या एका तरी माणसाला ती फोन करी. "विहिरीवर कुणी एकटं नाही ना?" दीपाली हसून म्हणायची, "नाही हो ताई, किती काळजी करता."

असाच एक गुरुवार होता. ऋतुजा कांद्यात उभी होती. डोक्यावरून विमान उतरत होतं, चिडीचूप. तिने दीपालीला फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि तुटली. विमान येऊन गेलं, तिने पुन्हा लावला. मागोमाग दुसरं विमान दिसलं, त्याच्या मागे तिसरं. तिथे त्या गडगडाटात फोन कुणाला ऐकू येणार, ती स्वतःलाच म्हणाली. एवढंच असेल. पाण्याला गेली असेल. आणि मग पाण्याला हा शब्द तिच्या मनात अडकून बसला.

तिने खुरपं टाकलं, चिखलाच्या पायांनीच स्कूटर सुरू केली आणि डोंगराचा रस्ता धरला. खिशातला फोन स्पीकरवर लावलेलाच होता. वर विमानं उतरत होती, आणि बोरटेकच्या त्या स्वच्छ शांततेत खोरवाडीची घंटी तिला अगदी नीट ऐकू येत होती.