दोन डोक्यांचं जनावर

"माझी म्हैस कावून दाबून ठेवली?"

बिंदुसरा धरणाच्या पलीकडच्या काठावर वनिता कमरेवर हात ठेवून उभी होती. पाण्याला वळसा घालून आली होती, घामाघूम. समोर एक तरुण तिच्या चंद्रीला उसाचे वाढे चारत होता.

"म्या कुठं ठेवली? पोहत येती, खाती... पाव्हणीला हाकलू का?"

त्याचं नाव युवराज. हसला की एकाच गालाला खळी पडायची — आणि वनिताचं भांडण तिथंच विरलं. मग चंद्री रोज पोहून जाऊ लागली, आणि वनिता रोज तिला आणायला.

एक दिवस धरणाच्या भिंतीवरून कुणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळचं पाणी, त्यात सरकणारं काळं डोकं. 'धरणात राक्षस!' वनिताच्या पाली गावात दुसरा विषयच उरला नाही. शेजारच्या म्हाळूकाकांनी भीतीनं मासे धरणं सोडलं. वनितानं मात्र ते वाकडं शिंग बघताक्षणी ओळखलं... आणि गप्प बसली. बोलली असती तर तिच्या वडिलांनी, आबांनी, चंद्रीला गोठ्यातच बांधलं असतं. मग पलीकडे जायचं कोणत्या निमित्तानं?

पण जिवाला चैन पडेना. तव्यावर भाकरी करपायची. म्हाळूकाकांचं कोरडं जाळं दिसलं की ती मान खाली घालून वाट बदलायची.

"उद्या खरं सांगणार हाय मी," ती युवराजला म्हणाली.

"मंग तू येणार न्हाईस?"

"कशाला येऊ? म्हैस तर बांधलेली असंल..."

तो नुसता चंद्रीपुढं वाढे टाकत राहिला. तिला त्याचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठावर ही गर्दी! वनिता आबांच्या देखतच म्हणाली, "काका, राक्षस न्हाई. ती आमची चंद्री हाय."

"गप गं," आबा म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी किंचाळलं, "आलं, आलं! आन् आज दोन डोकी हायती!"

माणसं मागं पळाली. वनिता पुढं धावली.

चंद्री पाण्याबाहेर आली, आणि मागोमाग तिचं शेपूट धरून चिंब भिजलेला युवराज. म्हाळूकाका पोट धरून हसले आणि जाळं आणायला घराकडे निघाले. आबा दावं शोधू लागले.

"तुमी कावून आलात?" वनिता पुटपुटली.

"म्हैस बांधतील... मला कोण बांधतंय?"

तिला हसू आवरेना, डोळेही भरून आले.

"उद्या बी येऊ?"

"या. पण पोहत नगं..." तिनं ओढणीचं टोक त्याच्यापुढं केलं, तोंड पुसायला. "रस्त्यानं या. आबा घरीच असत्यात."