कंदीलवाल्याचा शेवटचा दरवाजा

उज्वलाताईला जुळं झालं ते साल दोन हजार तेवीस. बारशासाठी पाळणा काढायला तिची धाकटी बहीण मैना माळ्यावर चढली आणि पाळण्यात तिला वडिलांचा, म्हणजे तात्यांचा, जुना व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस.

खाटेवरच्या तात्यांचे डोळे चमकले. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला होता, आणि आता हृदयही थकलं होतं.

"कंदीलवाला! मैने, ह्याचा शेवटचा दरवाजा मी पाहिलाच नाय बघ. सत्त्याण्णव साली थेट दरवाजापाशी पोचलो होतो. गेम चालूच ठेवून कंपनीत गेलो... अन् तुझ्या आजीनं, वीज जळतीय म्हणून, बटणच बंद केलं!"

त्या गेममध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. बटण बंद, की पुन्हा पहिल्यापासून. तात्यांनी परत हात लावला नव्हता.

"मी दाखवते तुम्हाला तो दरवाजा," मैना म्हणाली.

पण घरातल्या नव्या टीव्हीवर कंदीलवाला बटण दाबल्यावर क्षणभर थांबूनच उडी मारायचा, आणि दरीत पडायचा. म्हणून गेम घेऊन ती गंगापूर रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. काउंटरमागे साई होता. कुरळे केस, बोटांना सोल्डरचे चटके.

"म्हातारा झालाय हो हा," तिने कॅसेट पुढे केली. "सांगितलेलं उशिरा ऐकतो." आणि सवयीने ती कॅसेटमध्ये फुंकर मारायला वाकली.

"अहो, थांबा! फुंकायचं नाही. आत ओल जाते."

"आमचे तात्या फुंकूनच लावायचे."

"सगळ्यांचेच तात्या फुंकूनच लावायचे," तो हसला. कापसाने कॅसेट पुसून त्याने कोपऱ्यातला जुना, पोटवाला टीव्ही लावला. काच तडतडली, मैनाच्या हातावरची लव उभी राहिली. "दाबा आता."

तिने दाबलं. कंदीलवाला उडाला... त्याच क्षणी! जणू उडी तिच्या बोटातच होती.

"म्हातारा गेम नाही," साई हळूच म्हणाला. "तुमचा नवा टीव्ही चित्र दाखवायला वेळ लावतो. आणि गंमत सांगू? हे सगळं जग – डोंगर, ढग, दऱ्या, गाणं – तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोहून कमी जागेत बसलंय."

मैना बघतच राहिली. इतक्याशा जागेत एवढं आभाळ! सव्वीस वर्षं पाळण्यात पडून राहिला, तरी त्याची एक उडीसुद्धा शिळी झाली नव्हती.

"हा टीव्ही विकत देता?"

"विकायचा नाही. पण... रविवारी घेऊन येऊ शकतो."

रविवारी तो टीव्ही रिक्षात घालून आला. मग दर रविवारी यायला लागला. पहिला खेळणारा मेला की दुसऱ्याची पाळी, असा खेळ.

"तुम्ही माझ्या मरणावर टपलेले असता," मैना म्हणायची.

"नाही हो. तुम्ही खेळता तेव्हा मला... बघायला मिळतं."

"टीव्हीकडे?"

त्याचे कान लाल व्हायचे. खाटेवर तात्या मिशीत हसायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी ते शेवटच्या दरीशी पोचले. पलीकडे दरवाजा. पण तात्यांना गुंगी आली, डोळे मिटले. त्यांच्याशिवाय पुढे कसं जायचं? मैनाने गेम थांबवला. साईने बटणावर चिठ्ठी चिकटवली – 'बंद करू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारात हजर. हातगाडीवर इन्व्हर्टर!

"हे काय? गेमसाठी?"

"लाईट गेली तर... तात्यांचं पुन्हा तसंच नको व्हायला." त्याने इन्व्हर्टरची दोरी सोडायला घेतली. "आणि तुमचंही."

आठवडाभर ते यंत्र नवरात्रातल्या नंदादीपासारखं जपलं गेलं. दोनदा लाईट गेली, दोन्ही वेळा कंदीलवाला जागचा हलला नाही. मैना येता-जाता यंत्राला हात लावून बघायची. गरम लागायचं. त्यापेक्षा जास्त ऊब तिला त्या चिठ्ठीवरच्या अक्षरांची वाटायची.

रविवारी तात्या उशीला टेकून बसले. दरी रुंद होती. मैना काठावर थांबली, अंदाज घेऊ लागली.

"थांबू नको, मैने!" तात्या म्हणाले. "काठावर थांबून पाहणाऱ्याला दरी मोठीच दिसती. पळत ये, अन् पळताच उडी घे."

ती मागे आली. पळाली. उडी घेतली... दरवाजा उघडला.

आत ना खजिना, ना राक्षस. कंदीलवाला उंबऱ्यावर बसला, त्याने कंदील खाली ठेवला, आणि चारच रंगांच्या चौकटींतून पहाट झाली.

"लय भारी," तात्या कसेबसे बोलले. त्यांचे डोळे वाहत होते.

साई उठला. वायर काढण्यासाठी वाकत म्हणाला, "काम झालं. आता टीव्ही... परत न्यायला हवा."

मैनाने या वेळी अंदाज घेतला नाही.

"टीव्ही राहू दे, साई. आणि तूही."

वायर त्याच्या हातातच राहिली. त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी उजव्या हाताने खाटेवरचा दुसरा रिमोट त्याच्याकडे सरकवला.

"घे बाबा. आता तुझी पाळी."

तात्या, म्हणजे रंगनाथ पुंजा शिरसाठ, नऊ जानेवारी दोन हजार चोवीस रोजी, मंगळवारी सकाळी, नाशिकच्या राहत्या घरी वारले.