कोरलची अकरा अंडी

तेव्हा मी ओरडून सांगितलं, कोणी ऐकलं नाही. आता शांतपणे सांगते, तरी कोणी ऐकत नाही. नदीपलीकडची ग्लेनिस म्हणते, उन्हाने माझं डोकं फिरलंय. पोलीस म्हणतो, बाई, तुम्हाला धक्का बसलाय. धक्का काय बसायचा? तीस वर्षं या गुरांच्या मळ्यावर वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करतेय. शिंग लागून फाटलेली माणसं या हातांनी शिवली आहेत. मला काही होत नाही. जे ऐकलं ते ऐकलं.

व्हरांड्यातला दिवा बंद करा आधी, किडे येतात. आणि नीट बसा. तुम्ही पोरं नवीन आहात, उद्यापासून एकेकटे गाड्या घेऊन निघाल, म्हणून सांगतेय. नाहीतर मला हे पुन्हा उगाळायची हौस नाही.

रस्त्यावर फोन लागत नाही हे तुम्हाला कळलंच आहे. गाडीत रेडिओ असतो, टेकडीवरच्या टॉवरमुळे शंभर-दीडशे किलोमीटर आवाज जातो. रोज संध्याकाळी सहाला आम्ही सगळे त्यावर येतो. काम काही नसतं. कोणाकडे किती तापलं, कोणाची गाय व्याली, नदी कुठवर आली, कोण कुठे फिरून आलं. पण एक रीत आहे. ज्याला प्रवासाला निघायचंय त्याने सांगायचं, अमक्या वाटेने निघालो, इतक्याला पोचेन. मग दुसऱ्याने म्हणायचं, "मी धरलं." धरलं म्हणजे धरलं. तो माणूस स्वतःच्या तोंडाने "पोचलो, सोड" म्हणेपर्यंत धरणाऱ्याने रेडिओसमोरून उठायचं नाही. वेळ टळली तर शोधायला निघायचं. या रीतीने आमच्याकडे किती माणसं वाचली त्याची गणती नाही.

कोरलला नेहमी मीच धरायचे. एकोणीस वर्षं.

फेब्रुवारीची बारा तारीख, गुरुवार, भर उन्हाळा. पारा शेहेचाळीसवर. आमच्याकडे थेंब नव्हता, पण वर चारशे किलोमीटरवर धो धो पडलं होतं आणि ते पाणी कोरड्या आभाळाखालून आमच्याकडे सरकत येत होतं. नदी रात्रीत फुगणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी नदीच्या या बाजूला. कोरल आणि ग्लेनिस पलीकडे.

कोरलची लेक टॅमझिन बाळंतपणासाठी ब्रिस्बेनला गेलेली, जावईही तिच्याबरोबर. घर बंद. कोंबड्या तेवढ्या मागे. त्यांना आठवडाभर दाणापाणी करायला कोरल निघाली होती. एकशेतीस किलोमीटर, कच्चा रस्ता. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरी थांबवणारं कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी ती गाडीतूनच बोलत होती. ग्लेनिस टास्मानियाहून नुकतीच परतलेली, तिची टकळी थांबेना.

"अगं, भर फेब्रुवारीत स्वेटर. रात्री दोन पांघरुणं. मी म्हटलं, मेले मी, पुरा मला इथेच, पण त्या भट्टीत परत पाठवू नका."

"मग आलीस कशाला?" कोरल म्हणाली.

"नवऱ्याला अंडं उकडता येत नाही म्हणून."

पर्सी म्हातारा मधेच खोकला. तो फारसा बोलत नाही, नुसता ऐकतो. म्हणाला, "आज माझी सावलीसुद्धा गाडीखाली जाऊन झोपली होती."

"तुझी सावली कायमच आळशी," मी म्हटलं. "कोरल, किती वाजता पोचशील?"

"सातला. अंड्यांचे खोके घेतलेत. त्या कोंबड्या आता टॅमझिनपेक्षा मलाच जास्त ओळखतात. धर गं मला, नोलीन."

"मी धरलं," मी म्हटलं.

सात वाजले. मी चहा घेऊन रेडिओसमोर बसले. सात दहाला आवाज आला.

"पोचले, सोड."

कोरलचाच आवाज. मी म्हटलं, "उशीर केलास. कोंबड्या कशा आहेत?"

"मजेत. अकरा अंडी."

"सोडलं," मी म्हटलं, आणि रेडिओ बंद केला.

अंथरुणात पडल्यावर मला ते लक्षात आलं.

कोरलला एक खोड होती. बोलून झालं तरी तिचा अंगठा बटणावरून निघायचा नाही. मग दोन-तीन क्षण तिचा श्वास ऐकू यायचा. जाड श्वास, नाकातून शीळ वाजल्यासारखा. एकोणीस वर्षं आम्ही तिला चिडवायचो, कोरल, घोरू नकोस. त्या संध्याकाळी श्वास नव्हता. आणि मागे काहीच नव्हतं. कोंबड्या नाहीत, दाराची जाळी नाही, रातकिडा नाही. विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसं...

मी स्वतःला म्हटलं, झोप आता.

सकाळी नदी दुथडी भरलेली. आमची बाजू तुटली. मी टॅमझिनच्या घरी फोन लावला. वाजेचना. विजा होतात म्हणून घर सोडताना इकडे सगळेच फोनच्या छपरावरच्या तबकडीचा प्लग काढून ठेवतात, हे मलाही माहीत होतं. तरी मी ग्लेनिसला फोन केला. ती पलीकडच्या बाजूला, तिच्यापासून टॅमझिनचं घर ऐंशी किलोमीटर.

"जाऊन बघून ये," मी म्हटलं.

"कशाला? पोचली म्हणाली ना."

"श्वास नव्हता."

"काय नव्हतं?"

"तिचा श्वास गं. बटण सोडताना येतो तो."

ग्लेनिस इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हणजे एकोणीस वर्षांनी ती बटण सोडायला शिकली, आणि मी शेहेचाळीस डिग्रीत जाऊन तिचं अभिनंदन करू? प्लग लावता येत नसेल तिला. टोस्टर लावतानासुद्धा मला हाका मारते. संध्याकाळी येईल बोलायला, तेव्हा विचार."

संध्याकाळी आली बोलायला.

ग्लेनिसने मुद्दाम विचारलं, "काय गं, जिवंत आहेस ना? नोलीन तुझं प्रेत शोधायला लावत होती मला."

"मजेत," कोरल म्हणाली.

"कोंबड्या?"

"अकरा अंडी."

"काल अकरा, आज अकरा. शहाण्या आहेत."

पर्सी हसला. मग पावसाच्या गोष्टी झाल्या, नदी किती चढली ते झालं. कोरल मधेमधे हो म्हणत होती. बरोबर जिथे हो म्हणायचं तिथे. सगळं ठीक होतं. मीच वेडी होते. पण प्रत्येक "हो" नंतर मी कान लावून बसले होते... श्वास नव्हता.

मी पुन्हा ग्लेनिसला फोन केला. भांडले. नको नको ते बोलले तिला. ती म्हणाली, "नोलीन, माझ्या कानांनी ऐकलंय मी. तुझ्या कानांसाठी मी डिझेल जाळणार नाही." आणि फोन ठेवला.

लक्षात घ्या पोरांनो. हा शुक्रवार होता. शुक्रवारी ती गेली असती तर.

शनिवार, चौदा तारीख. सहा वाजता पर्सी आला, ग्लेनिस आली. मी आले. मग ग्लेनिस उसनं हसून म्हणाली, "आज सत्तेचाळीस. तुझ्याकडे किती, कोरल?"

"थंड आहे," कोरल म्हणाली.

"थंड?"

"छान थंड आहे."

"टास्मानियाला पोचलीस की काय?" ग्लेनिस म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता.

"अंडी किती?" मी विचारलं.

"अकरा."

"कोरल," मी म्हटलं, "माझ्या आईचं नाव काय?"

काही नाही.

"कोरल."

नुसती खरखर. पर्सीचा खोकलासुद्धा नाही...

"कोरल, कुठे आहेस तू?"

खूप वेळ गेला. मी बटण सोडून हात मांडीवर ठेवला होता.

मग ती बोलली. अगदी जवळून. स्वयंपाकघरात माझ्या पाठीशी उभं राहून बोलावं तसं.

"तू थांब म्हणालीस तिथेच."

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहवेना.

पोलिसाला फोन केला. गाव एकशेनव्वद किलोमीटर, तोही पाण्याने वेढलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, एकच हेलिकॉप्टर आहे, ते छपरांवरून माणसं उतरवतंय. ती रेडिओवर बोलतेय ना? बोलणारी माणसं नंतर."

मी गाडी काढली आणि नदीवर गेले. काय करणार होते? अर्धा किलोमीटर रुंद पाणी, चंद्र नाही, दिव्यांच्या उजेडात नुसती गढूळ पाठ वाहताना दिसत होती. झाडं वाहत होती. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. परत आले. हाका मारल्या. एकोणीस वर्षं जिला धरलं तिच्यासाठी मला एवढंच करता आलं, चिखलात उभं राहून बोंबलता आलं.

ग्लेनिस रविवारी पहाटे निघाली. आता तिलाही नको म्हणवेना. दहा वाजता तिने टॅमझिनच्या घरातून फोन केला. प्लग लावला होता तिने.

"नोलीन," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. "कोंबड्या मेल्यात गं. सगळ्या. पाण्याची भांडी कोरडी ठाक. गाडी नाही. इथे कोणी आलेलंच नाही."

मग ग्लेनिस कोरलच्या घराकडच्या वाटेने शोधत गेली तेव्हा ती सापडली. तिसऱ्या गेटापाशी. दगडावर आपटून गाडीचा आस मोडला होता. वाटेत अडकलं तरी गाडी सोडायची नाही हा आपला नियम, तो तिने पाळला होता. गाडीच्या सावलीत, चाकाला टेकून बसलेली. तोंड नदीकडे, म्हणजे माझ्याकडे. पाण्याचा कॅन रिकामा, झाकण नीट लावलेलं. आणि दोन किलोमीटरवर, टेकाडाच्या मागे, पवनचक्कीची टाकी काठोकाठ भरलेली. तिला माहीत होती ती टाकी. तिच्याच नवऱ्याने बांधलेली.

डॉक्टर म्हणाला, शनिवारी दुपारी गेली.

दुपारी. आम्ही बोललो सहा वाजता.

पोलिसाने रेडिओ उघडून बघितला. आपटलं तेव्हाच आतली तार तुटली होती. गुरुवारी संध्याकाळीच. त्यातून बोलताही येत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं.

पाणी उतरायला तीन आठवडे लागले. मग मला गावात चौकीवर बोलावलं. ग्लेनिस होती. टॅमझिन होती, मांडीवर बाळ. तीन आठवड्यांचं, टकलू, आजीसारखी हनुवटी. मी त्याच्याकडे हात केला तर टॅमझिनने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मी म्हटलं, "पोरी, मी सांगत होते सगळ्यांना. विचार ग्लेनिसला."

ग्लेनिस जमिनीकडे बघत राहिली.

पोलिसाने टेबलावर अंड्यांच्या खोक्यांची झाकणं मांडली. कोरलने नेलेले खोके. आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहिलेलं. अक्षर तिचंच, मी शंभर पाककृती वाचल्यात त्या अक्षरात. पोलीस म्हणाला, "तार तुटली होती. हे कसं झालं ते मला विचारू नका. मी फक्त दाखवतोय." आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

टॅमझिनने वाचलं. एकेक झाकण उचलून, शाळेत वाचतात तसं.

"गुरुवार, सात दहा. रेडिओवर आली. म्हणते गाडी सोडू नकोस, मी निघाले."

सात दहा. त्याच मिनिटाला मी चहाचा कप खाली ठेवून "सोडलं" म्हणत होते.

"शुक्रवार सकाळ. म्हणते पाणी ओलांडतेय. थांब."

"शुक्रवार संध्याकाळ. टाकीपर्यंत चालत जाऊ का विचारलं. नको म्हणते. आपली चुकामूक होईल म्हणते."

"शनिवार. पाणी संपलं. ती म्हणते आलेच."

"मी नाही," मी म्हटलं. "मी एक शब्द... पोरी, मी तर..."

बाळ तेवढं कुरकुरलं.

शेवटचं झाकण टॅमझिनने वाचलं नाही. माझ्याकडे सरकवलं. त्यावर अक्षरं मोठी होती, लहान मुलाने काढल्यासारखी, एकमेकांवर चढलेली. टॅमझिन, तुझ्या आईला इथे कोणी बसवून ठेवलं असं विचारशील, म्हणून लिहून ठेवते. आणि खाली एकच शब्द, दोनदा गिरवलेला.

नोलीन.