पशुपती फाटकावरची बोरमाळ

कलावती घाग ऑफिसात आल्या, पण खुर्चीवर बसल्या नाहीत.

"मी चोर नाही. आणि 'चुकून घेतली' असं लिहूनही देणार नाही. कुणी घेतली ते शोधा," त्या म्हणाल्या.

माजिवड्याच्या त्या छोट्या ऑफिसात खासगी गुप्तहेर देवयानी प्रधाननं पंखा वाढवला. तिचा मदतनीस सौमित्र पाणी घेऊन आला. साठी उलटलेल्या या बाईला उभं राहणं जड जात होतं, हे त्याला दिसत होतं. तरी पाठ ताठ होती.

घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीतली मंडळी दार्जिलिंगला गेलेली. मिरिकहून एक दिवस सीमेपलीकडे, नेपाळातल्या पशुपतीनगरच्या बाजारात. गाडी सीमेवरच्या पशुपती फाटकाच्या अलीकडे, भारतातच थांबली. बाजारात खिसेकापू असतात म्हणून सोसायटीतल्याच ऐश्वर्यानं आपल्या सासूची बोरमाळ पर्समध्ये घातली आणि पर्स सगळ्यांदेखत सीटखाली सरकवली.

"सकाळी सगळे चालत पलीकडे गेलो. माझ्या गुडघ्यांनी दगा दिला, जेवणाच्या सुमाराला मी एकटी परतले. ड्रायव्हरनं गाडी उघडून दिली आणि तो जेवायला गेला. समोरच्या टपऱ्यांवरच्या शाली बघता बघता माझा डोळा लागला. संध्याकाळी बोरमाळ गायब."

"परतताय असं कुणाला फोनवर कळवलं नाहीत?"

"कसं कळवणार? फाटक ओलांडलं की सगळ्यांचे फोन मुके. एका दिवसासाठी तिकडचं सिम कोण घेतं?"

दुपारी देवयानी आणि सौमित्र सोसायटीत पोचले. ऐश्वर्या दारातच म्हणाली, "गाडीत काकू एकट्याच होत्या. अजून काय शोधायचंय?"

सोसायटीचा सेक्रेटरी साईनाथ यानंच सहल काढलेली. त्यानं चहा विचारला.

"मी शेवटपर्यंत बाजारात होतो. गर्दीत सगळे पांगलेले. काकूंनी सही केली असती तर केव्हाच मिटलं असतं."

"खरेदी काय केलीत?"

त्याची बायको संचिता सहलीला गेली नव्हती. तिनं कौतुकानं मोरपंखी शाल आणली. "त्या दुपारी मी जेवत होते, तेव्हा ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. चालता चालता रंग दाखवत होते. मी हाच सांगितला."

लिफ्टमध्ये सौमित्र म्हणाला, "काकूंचं कठीण आहे."

"रविवारी क्लबहाऊसमध्ये सगळ्यांना बोलवायला सांग," देवयानी एवढंच म्हणाली.

रविवारी क्लबहाऊस भरलं. देवयानी उभी राहिली.

"काकू गाडीत एकट्या होत्या, कारण बाकी सगळे सीमेपलीकडे होते. असं आपण धरून चाललो. पण पलीकडे कुणाचाच फोन चालत नव्हता. साईनाथ, तुमचा भरदुपारी कसा चालला?"

"दुकानात वायफाय होतं."

"तुम्ही चालत होता. वायफाय तुमच्याबरोबर चालत आलं? तुम्ही गुपचूप अलीकडे परतलात. काकू झोपलेल्या, ड्रायव्हर जेवायला गेलेला, पर्स कुठे आहे ते ठाऊक. काम झाल्यावर समोरच्या टपरीवर शाल घेतलीत, बाजारातून आलो असं दाखवायला. संचिताताई, शालीच्या मागे काय दिसत होतं?"

संचितानं मोबाईलमध्ये शोधलं. "रंग आवडला म्हणून स्क्रीनशॉट काढलेला," ती म्हणाली आणि तिनं मोबाईल पुढे केला.

शालीच्या कडेमागे पांढरी गाडी होती. खिडकीच्या काचेला डोकं टेकून कलावतीकाकू झोपल्या होत्या.

साईनाथ मान खाली घालून बसला. संचिता कुणाकडे न बघता घरी गेली. परतली तेव्हा तिच्या मुठीत बोरमाळ होती. "ह्यांच्या जॅकेटच्या अस्तरात," ती म्हणाली आणि तिनं बोरमाळ ऐश्वर्याच्या हातात ठेवली.

सोसायटीच्या चेअरमननी घसा खाकरला. "झालं गेलं विसरूया. आपापसातलं आहे. कलावतीबाई, तुम्हीही आता ताणू नका."

"ताणणार," काकू म्हणाल्या. "मला चोर म्हणताना आपापसातलं नव्हतं. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी चढत नव्हतं. पोलिसांना कळवायचं की नाही ते ऐश्वर्या ठरवेल. माझं मला आत्ता, इथे पाहिजे."

ऐश्वर्या पुटपुटली, "सॉरी काकू."

"उभी राहून बोल. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

ऐश्वर्या उभी राहिली आणि तिनं स्पष्ट आवाजात माफी मागितली. काकू तशाच उभ्या राहिल्या, चेअरमनकडे बघत. अखेर चेअरमननीही खुर्ची मागे सारली आणि माफी मागायला ते उभे राहिले.