दर गुरुवारची घट्ट वाटी

"मी त्या फाइलमधलं काही पुसलेलं नाही," खासगी तपास करणाऱ्या बाईंना मशीनवाली तिसऱ्यांदा म्हणाली.

कृत्रिम पायांच्या कारखान्यात कापणीचं मशीन ती चालवायची. उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी गेले तीन गुरुवार घट्ट निघत होती. सेटिंगच्या फाइलमधली 'सैलपणा' ही ओळच गायब व्हायची. मशीनवाली ती परत लिहायची, आठवड्याने पुन्हा तेच. फाइल बदलायची बुधवारी, आणि संगणकावरच्या तिच्याच खात्यातून. मालकांनी सगळ्यांसमोर तिला घातपाती म्हटलं होतं आणि संध्याकाळी तिची नोकरी जाणार होती.

हे ऐकून बाई लगेच निघाल्या. सोबत थोरला भाऊ होताच. निवृत्तीपासून त्याला दुसरा उद्योग नव्हता.

कारखान्यात बाईंनी पहिल्या घटनेआधीची आणि नंतरची फाइल छापून घेतली. नंतरच्या कागदावर सैलपणाची ओळ नव्हती. 'विचारल्याशिवाय बदलू नये' ही मालकांची सूचनाही नव्हती.

मग संगणकवाल्याला बोलावलं.

"तीन आठवड्यांपूर्वी नवी लायब्ररी टाकली, म्हणजे मापं वाचणारा तयार प्रोग्रॅम," तो म्हणाला. "सैलपणाची सोय तिच्यातच आहे. जुनीही ठेवलीय. दोघींना एकच फाइल, उगाच दोनदा कोण लिहिणार?"

"जुनी कशाला ठेवली?"

"दुरुस्तीवाल्या काकांसाठी."

काका हसतमुख होते. "जुन्या पायांची मापं जुन्यातच उघडतात. बुधवारी दुपारी पोरीच्या टेबलाशी बसतो, तिचं खातं उघडंच असतं. ती पलीकडे वाट्या घासत असते. मी फक्त बघतो आणि बंद करतो. बदलत काही नाही."

"हाच तो," दादा कुजबुजला. "फार हसतो."

"दादा, हसण्यावरून माणूस धरायचा तर तू कधीच सुटला नसतास."

बाईंनी मालकांना टेबलापाशी बोलावलं. फाइलमध्ये सैलपणाची ओळ पुन्हा लिहिली, जुनी लायब्ररी उघडली, कशालाही हात न लावता बंद केली. फाइल पाहिली. ओळ गेली होती.



"घातपात करणाऱ्याने आकडा बदलून पोबारा केला असता," बाई म्हणाल्या. "तुमची सूचनाही पुसून फाइलला हात लागल्याचं कोण दाखवून देईल? तिथेच मला शंका आली. जुनी लायब्ररी बंद होताना फाइल नव्याने लिहिते आणि स्वतःला कळतं तेवढंच ठेवते. सैलपणा तिच्यानंतर आला. माणसांसाठीची सूचनाही तिला कळत नाही. काका खरं बोलले, आणि ही मुलगीसुद्धा. दोन्ही लायब्रऱ्यांना वेगवेगळी फाइल द्या, प्रश्न मिटला."

संगणकवाल्याने मान खाली घातली आणि दहा मिनिटांत दुसरी फाइल करून दिली. जुनी लायब्ररी दोनदा उघडून मिटली. नव्या फाइलमधली ओळ जागच्या जागी राहिली.

मालक मशीनवालीकडे वळले. "चुकलं माझं," ते हळूच म्हणाले.

तिला रडू आलं, पण आवाज कापला नाही. "साहेब, घातपाती म्हणालात तेव्हा सगळे होते."

मालकांनी दार उघडून सगळ्या कारागिरांना आत बोलावलं.