सुनेच्या हातात पळणारी गाडी

"वाचता येईना असा बोर्ड लावलाय, आन म्हणं डिटेक्टिव्ह!" जिन्यात कुणीतरी कुरकुरलं. "हिला सोताचं नाव मोठं लिवता येईना, ही माजा चोर काय शोधणार?"

"हळू बोला की. आत ऐकू जातंय," बाईचा आवाज आला.

जातच होतं. राजारामपुरीतलं इरावतीचं ऑफिस म्हणजे एकच खोली, आणि दाराला अशी फट, की अशील बेल दाबायच्या आत त्याचं अर्धं प्रकरण आत आलेलं असे. इरावती हसली. उन्मेषला मात्र लागलं. हा तिचा मावसभाऊ, विम्याची नोकरी सोडून तिच्याबरोबर काम करणारा. तो बोर्ड त्यानेच रंगवून आणला होता, वीतभर लाल अक्षरांचा.

आत आले ते गणपतराव, फुलेवाडीचे, लग्नाकार्याला भांडी भाड्याने देणारे. मागून त्यांच्या पत्नी तानाबाई. चहा आला तसा तानाबाईंनी एक कप उचलून थेट नवऱ्याच्या हातात दिला आणि मग स्वतःचा घेतला.

"माजी पिकअप कोणतरी मारायलंय," गणपतराव म्हणाले. "सतरा वर्सांची गाडी, कधी धोका न्हाय दिला. ज्योतिबाच्या यात्रेपासनं बिघडलीया. चार दिवस चालवावी, पाचव्या दिवशी चावी फिरवली की नुसतं टक् टक्. नवी बॅटरी घातली, तीबी गेली. आन सूनबाईच्या हातात पळती बघा! मरती ती माज्याच हातात."

"चार्जिंगचा लाल दिवा लागतो?" इरावतीने विचारलं.

"एकदाबी न्हाय."

"म्हणजे चार्जिंग ठणठणीत," उन्मेषने वहीत लिहूनही टाकलं.

"संशय कुणावर?"

गणपतरावांनी मान खाली घातली. "पिराजीवर. उद्यमनगरातला इलेक्ट्रिशियन. तीस वर्सांचा दोस्त. त्यानंच बॅटरी भरणारा अल्टरनेटर खोलला आन आत डुप्लिकेट सामान भरलं. परवा कुरुंदवाडला त्याच्या पोरीचं, मोनाचं लग्न हाय. भांडी माजीच ठरलेली. आता भांडीबी जाणार न्हाईत, मीबी न्हाय."

तानाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मोना ह्यांच्या मांडीवर वाढलीया. लग्नाच्या आत खरं काय ते शोधा, बाई."

उद्यमनगरात पिराजी बॉनेटात कमरेपर्यंत बुडालेले सापडले.

"डुप्लिकेट? मी?" त्यांनी बाहेर येऊनच आवाज चढवला. "दोनदा खोलला, दोनदा बसवला. गाडी सुरू केली, जोरात रेस दिली, मीटर लावलं. चौदा व्होल्ट! बॅटरी भरत नसती तर बाराच्या आसपास रेंगाळलं असतं की."

"दर वेळी रेस देता?"

"तीस वर्सांची सवय. इंजिन ओरडल्याबिगर मला जेवान जात न्हाय." मग आधीच स्वच्छ असलेलं मीटर पुसत त्यांनी हळूच विचारलं, "लग्नाला येत न्हाय म्हनला व्हय गणपा?"

फुलेवाडीच्या अंगणात पातेल्यांच्या उतरंडीशेजारी पिकअप उभी होती. तिला धूत होता गुंडू, पन्नाशीचा हमाल. डॅशबोर्डवर ज्योतिबाची छोटी तसबीर, मागे बारका बल्ब.

इरावतीने चावी अर्धी फिरवली. पॅनेलवर दोन लाल दिवे लागले, ऑइलचा आणि हँडब्रेकचा. देवामागचाही लागला.

"देव मस्त उजळलाय, गुंडूमामा."

"मग! यात्रेला पाटंचं निघालो आन देवामागचा बल्ब गेला. दुकानं बंद. देवाला अंधारात बसवून डोंगर चढायचा व्हय? केली सोय!"

सूनबाई निशिगंधा दारात आली. गाडीवर तिचाच डोळा आहे, असं उन्मेषने वहीत आधीच लिहून ठेवलं होतं.

"मी चालवल्यावर मामंजी म्हणतात, विमान हाय का?" ती हसली. "आन मामंजी हल्ली वरातीपुढं चालल्यागत चालवत्यात. सायकलवालं पुढं जात्यात की." तानाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. निशिगंधाचं हसू तिथंच थांबलं.

इरावतीने गाडीच्या खणातून माहितीपुस्तिका काढली. सतरा वर्षांत तिची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा कुणी फोडली नव्हती.

"पुस्तक वाचून चोर सापडतो?" उन्मेषने विचारलं.

"न वाचल्यामुळे तर एक तयार झालाय," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं. पिराजी आणि गणपतराव दोन टोकांना, मध्ये गाडी.

"पिराजीकाका, गाडी सुरू करा. पण रेस द्यायची नाही."

"आन मग सुरू कशाला करायची?" कुरकुरत त्यांनी सुरू केली.

उन्मेषने मीटर वाचलं. "बारा पॉइंट दोन."

"बघा! डुप्लिकेट!" गणपतराव गरजले.

"आता द्या रेस."

पिराजींनी मनापासून दिली. कोंबड्या पळाल्या.

"चौदा!" उन्मेष ओरडला. "आणि रेस सोडली तरी चौदाच!"

"अल्टरनेटर अस्सल आहे," इरावती म्हणाली. "फक्त झोपलेला असतो. पॅनेलवरचा चार्जिंगचा लाल दिवा नुसती खबर देत नाही. या गाडीत चावी फिरवली की करंट त्या बल्बातून अल्टरनेटरकडे जातो आणि त्याला उठवतो. तो कामाला लागला की दिवा विझतो. म्हणून चावी फिरवल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. तो एकदाही लागत नाही म्हणाले, तेव्हा उन्मेषला बरं वाटलं. मला नाही वाटलं."

उन्मेषने वहीतली एक ओळ गुपचूप खोडली.

"बल्बच नसेल, तर त्याला उठवणार कोण? जोराची रेस. ती बसली की तो दचकून जागा होतो आणि इंजिन बंद होईपर्यंत जागाच राहतो. निशिगंधा रेस देते, पिराजीकाका देतात. त्यांच्या हातात गाडी शहाणी. गणपतरावकाका देत नाहीत. त्यांच्या हातात बॅटरी नुसती रिकामी होत जाते."

"आयला!" पिराजींनी कपाळावर हात मारला. "मी दिव्याकडं बघितलंच न्हाय. डोस्कं कायम बॉनेटात!"

"मग बल्ब कुठं गेला? यात्रेच्या पहाटे दुकानं बंद होती, तरी ज्योतिबाला बल्ब मिळाला."

गुंडूने तिथंच हात जोडले. "मालक, त्यो दिवा गाडी चालताना कदी पेटायचाच न्हाय. म्हनलं बिनकामाचा हाय, देवाच्या तर कामाला यील."

इरावतीने तसबिरीमागचा बल्ब काढून पॅनेलमध्ये बसवला. देवासाठी नवा तिने येतानाच आणला होता. चावी फिरली, तिसरा लाल दिवा लागला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला. रेस न देता चौदा.

"म्हंजे माजी बॅटरी ज्योतिबानं खाल्ली!" गणपतराव इतके हसले, की उतरंडीवरची झाकणं वाजल्यासारखी वाटली. तानाबाई हसल्या. गुंडू तर रडत हसला.

उन्मेषचं मात्र लिहून झालं नव्हतं. "पण काका, तुम्ही हल्ली एवढं हळू का चालवता? आणि चावी फिरवली की लागणारा दिवा यात्रेपासून लागतच नाही, हे रोज समोर बसून तुम्हाला दिसलं कसं..."

हसणं विरलं. तानाबाई पदराचं टोक पिळू लागल्या. निशिगंधा पातेली मोजू लागली. गुंडू पुसलेली काच पुन्हा पुसू लागला. इरावतीने उन्मेषच्या हातातली वही हळूच मिटली.

गणपतरावांनी चाचपडत चावी काढली. निशिगंधाचा हात शोधून तिच्या मुठीत दिली.

"भांडी भर, पोरी. कुरुंदवाडला तू चालीव. विमानागत चालीव." मग पिराजींचा आवाज आला होता त्या बाजूला वळून ते म्हणाले, "पिरा, चुकलं माजं. उद्या मोनाच्या अक्षता पडताना माज्या शेजारी उभा ऱ्हा, आन पोर कशी दिसतीया ते मला सांग. मला दिसत न्हाय रं."